कव्हर कधी काढायचं? थंडीतलं कलिंगड, क्रॉप कव्हर आणि मधमाशी

आमच्याकडं कलिंगडाची लागण कधी करायची हे पंचांग बघून नाय, रमजानचे रोजे कधी सुरू होणार ते बघून ठरतं. आणि गेली काही वर्षं ही तारीख दरवर्षी अलीकडं सरकतीय. २०२४ ला रोजे १२ मार्चला चालू झाले, २०२५ ला २ मार्चला, २०२६ ला १९ फेब्रुवारीच्या आसपास, कारण चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी छोटं असतं. त्यात महाशिवरात्रीचा उपवासही याच दिवसांत. म्हणजे कलिंगड-खरबुजाला सगळ्यात जास्त मागणी जेव्हा असते ते दिवस उन्हाळ्यातून हळूहळू थंडीत चाललेत, आणि पीक मात्र उन्हाळ्याचंच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ, माढा, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यात डिसेंबरात रानोमाळ जी पांढरी कापडं पसरलेली दिसतात ना, लांबून वाटतं कुणीतरी वाळवण घातलंय, ती सगळी या एका अडचणीतून आलीत.

आता हिशोब मांडूया. रोप लावल्यापासून कलिंगड साधारण ६५-७० दिवसांत तोडणीला येतं, थंडी जास्त असली तर ७५-८० दिवस लागतात. १९ फेब्रुवारीला माल मार्केटात पायजे तर लागण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली पाहिजे. तिथून तीस-पस्तीस दिवसांनी मादी फुलं येणार, म्हणजे बरोबर संक्रांत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली असते तेव्हा. आणि मादी फूल सेट झाल्यापासून, म्हणजे फळ धरल्यापासून, ते पिकायला अजून ३५ ते ४० दिवस. म्हणजे सगळा खेळ संक्रांतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या आठ-दहा दिवसांचा आहे, आणि तेच दिवस वर्षातले सगळ्यात थंड. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच आहे.

सोलापूर म्हटलं की लोकांना मे महिन्यातलं ४२-४३ डिग्री आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१५ वर येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो. कलिंगड मूळचं आफ्रिकेतलं, गरम हवेतलं पीक. जमीन गार असली की मुळी चालत नाही, मुळी चालली नाही की शेंडा थांबतो, पानं आखडतात, आणि रोप पंधरा दिवस होतं तिथंच बसून राहतं. मग ते बसलेलं रोप थ्रिप्सला, म्हणजे फुलकिड्यांना, आयतंच सापडतं.

म्हणून कव्हर. याला सगळे क्रॉप कव्हर म्हणतात, पॉलिप्रॉपिलिनचं न विणलेलं कापड असतं, १७ ते २० जीएसएमचं, म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचं वजन १७-२० ग्रॅम, इतकं हलकं. बेडवर तारेच्या किंवा बांबूच्या कमानी रोवायच्या, वरनं कापड ओढायचं, दोन्ही कडा मातीनं दाबायच्या, झाला छोटा बोगदा. बऱ्याच जणांना वाटतं कव्हर म्हणजे नुसतं किड्यांसाठी. तसं नाही, त्याची चार कामं आहेत आणि चारही एकाच वेळी चालतात. दिवसा ऊन आत जातं आणि आतली हवा तापते. रात्री जमिनीतनं निघणारी ऊब लगेच उडून जात नाही, कव्हर दोन-तीन डिग्रीचा फरक ठेवतं, आणि कोवळ्या रोपाला तेवढा फरक खूप असतो. वरनं गार वारंही थेट लागत नाही. खाली सिल्व्हर-ब्लॅक मल्चिंग पेपर, म्हणजे बेड झाकणारा प्लास्टिकचा कागद, आणि ड्रिप असतंच, त्यामुळं जमिनीतला ओलावा आणि ऊब दोन्ही टिकतात.

चौथं काम खरं महत्त्वाचं, व्हायरस. कलिंगडाचा शेंडा जळतो, वाळतो, वेल पुढं सरकतच नाही, तो रोग थ्रिप्स पसरवतात. मावा वेगळा व्हायरस आणतो, पानं चट्टेरी होतात, आखडतात. व्हायरस झाल्यावर त्याला औषध नाही, हे शंभर वेळा सांगितलं तरी दुकानातनं बाटल्या येतच राहतात. रोप लहान असताना व्हायरस लागला तर ते रोप गेलंच, महिन्याभराचा वेल झाल्यावर लागला तर काहीतरी हाताला लागतं. म्हणून पहिले २५-३० दिवस किडा रोपापर्यंत पोचूच द्यायचा नाही. तांबडे भुंगेरे कोवळी पानं चाळणीसारखी करतात, तेही बाहेरच राहतात.

इथपर्यंत सगळं गोड. अडचण इथं आहे की जे कापड थ्रिप्सला आत येऊ देत नाही ते मधमाशीलाही येऊ देत नाही. आणि मधमाशीशिवाय कलिंगड होत नाही, कितीही खत घाला, कितीही टॉनिक मारा.

हे का, ते जरा निवांत सांगतो कारण बऱ्याच ठिकाणी हे कुणी सांगतच नाही. कलिंगडाला दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल नुसत्या बारीक दांडीवर असतं. मादी फुलाच्या मागं वाटाण्याएवढी केसाळ गोटी असते, तेच पुढं जाऊन फळ व्हायचं असतं. आधी नर फुलं चालू होतात, मादी काही दिवसांनी, त्यामुळं पहिली फुलं गळाली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती नर फुलं असतात आणि गळणारच असतात. फूल सकाळी ऊन लागल्यावर उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. एकदाच. दुसऱ्या दिवशी तेच फूल परत उघडत नाही. म्हणजे एका मादी फुलाच्या वाट्याला एकच सकाळ असते.

त्या एका सकाळी नर फुलातला पराग मादीच्या तोंडावर गेला पाहिजे, तोही चिमूटभर चालत नाही. मादी फुलाच्या मधे तीन पाकळ्यांचं बोंड असतं आणि त्या तिन्ही भागांवर मिळून पाचशे ते हजार परागकण पडावे लागतात, ते पण सगळीकडं सारखे. प्रत्येक कण तिथं रुजतो, त्याला एक बारीक नळी फुटते, ती खाली गोटीत उतरते आणि एका बीचं काम करते. बी धरलं की ती बीच फळाला वाढायला लावणारी संप्रेरकं सोडते. म्हणजे आपण फळ फुगवतोय असं वाटत असलं तरी फळ फुगवतात बिया. ज्या बाजूला पराग कमी पडला त्या बाजूला बी कमी, आणि ती बाजू चपटीच राहते. मार्केटात तुम्ही जी एका अंगाला बसलेली, मानेला बारीक झालेली कलिंगडं बघता ती बहुतेक वेळा त्या सकाळी माश्या कमी आल्याची खूण असते, पाणी-खताची चूक दरवेळी नसते. काकडी वाकडी होण्याचं पण हे एक मोठं कारण आहे.

एका फुलाला पुरेसा पराग पोचायला मधमाशीच्या आठेक फेऱ्या तरी लागतात. एकरी साधारण सहा हजार रोपं धरा, रोज किती फुलं उघडत असतील आणि किती फेऱ्या लागत असतील याचा अंदाज तुम्हीच करा. वाऱ्यानं हे काम होत नाही, कलिंगडाचा पराग चिकट आणि जड असतो. खरबुजात तर बऱ्याच जातींत एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळं लोकांना वाटतं याला माशी लागत नसेल, पण पराग आपला आपण उडून शेजारी पडत नाही, तिथं पण माशीच लागते.

आता माझा अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही कव्हर काढायला उशीर केला. तात्या म्हणत होते, "थांब की अजून चार दिस, शेजारच्या रानात व्हायरस आलाय." मी पण भ्यालो होतो, म्हटलं राहू दे. ३९ व्या दिवशी काढलं. तोवर वेल कव्हरच्या कडेला जाऊन परत मागं वळले होते, तणाव्यांनी कापड असं धरून ठेवलेलं की ओढताना शेंडे तुटत होते. आणि आत बघितलं तर पहिल्या मादी फुलांच्या गोट्या पिवळ्या पडून सुकलेल्या. ती सगळी फुलं बंद कापडाखाली उमलून, एक एक सकाळ वाट बघून गेलेली. पुढची मादी फुलं यायला आठ-दहा दिवस गेले, मधल्या काळात फळ नसल्यामुळं वेल नुसता माजला, पानंच पानं. माल आला चांगला, पण रोजे संपत आले तेव्हा आला, आणि तो दर मी इथं लिहीत नाही.

तेव्हापासून आम्ही दिवस मोजून कव्हर काढत नाही, फूल बघून काढतो. विसाव्या दिवसापासून रोज सकाळी चार-पाच ठिकाणी कड उचलून आत बघायचं. नर फुलं दिसायला लागली की तयारी करायची. मादी फुलाची गोटी दिसली, अजून फूल उमललेलं नाही, दोन-तीन दिवसांत उमलेल असं वाटलं, की काढायची वेळ. वेलावरचं अगदी पहिलं, बुडाजवळचं मादी फूल आपण तसंही खुडतो, तिथलं फळ बारकं राहतं आणि वेलाला अडवतं. आपल्याला त्याच्या पुढची फुलं धरायची असतात, त्यामुळं या हिशोबात एक-दोन दिवस इकडं-तिकडं चालतं, आठ दिवस नाही.

काढताना दुपारी काढू नका. आत महिनाभर ऊब आणि सावलीत वाढलेलं पान लुसलुशीत असतं, भर उन्हात एकदम उघडं पडलं तर करपतं, मान टाकतं. आधी दोन-तीन दिवस बोगद्याची दोन्ही तोंडं उघडी ठेवायची, मग संध्याकाळी चार-पाचनंतर पूर्ण कापड काढायचं, म्हणजे रात्रभर वेलाला सवय होते. काही जण सकाळी उघडतात आणि दुपारी परत झाकतात, मजूर असतील तर थंडीच्या लाटेत ते दोन-चार दिवस ठीक आहे. पण नुसती तोंडं उघडी ठेवून माशी आत जाईल असं धरून बसू नका. ती थोडी आत जाते आणि कापडाला धडका मारत बसते, काम काही करत नाही.

आता थंडीचा भाग, जो रोजे अलीकडं येतील तसा जास्त त्रास देणार आहे. मधमाशी १२-१३ डिग्रीच्या खाली पेटीतनं फारशी बाहेरच पडत नाही, चांगलं काम व्हायला १६-१८ च्या वर पायजे. जानेवारीत आमच्याकडं हे व्हायला नऊ वाजतात. गार दिवशी फूल पण उशिरा उघडतं, हे बरं, पण मग एकूण कामाचा वेळ राहतो दोन-अडीच तास. त्यात ढगाळ वातावरण आलं, धुकं आलं तर तेवढाही नाही. परागकण पण गारठ्यात नीट रुजत नाही. म्हणजे फूल आहे, माशी आहे, तरी सेटिंग नाही, असं होतं. दोन-तीन सकाळी असं गेलं की लगेच हार्मोनच्या फवारणीच्या मागं लागू नका, थंडी उतरली की पुढच्या फुलांत फरक दिसतो.

माश्या कुठनं येणार हा प्रश्न राहिला. आपल्याकडं चार प्रकारच्या माश्या कामाला येतात. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी, पेटीत पाळली जाणारी परदेशी मेलिफेरा, टाकीला आणि वडाला मोठी पोळी लटकवणारी आग्या, आणि बोरी-बाभळीच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी बारकी फुलोरी. आमच्या कोरड्या भागात फुलोरी भरपूर असायची. आम्ही बांध स्वच्छ करायच्या नादात बोरी तोडल्या, तणनाशक मारलं, आणि पुढच्या वर्षी सकाळी रानात उभं राहिलं तर आवाजच नव्हता. तो आवाज नसणं मला फार लागलं. आता बांधाची एक बाजू आम्ही मुद्दाम तशीच ठेवलीय. आणि कृपा करून आग्या मोहोळ जाळू नका, गर्दीच्या ठिकाणी धोका असेल तर जाणकाराला बोलवा, पण रानातल्या वडावरचं मोहोळ म्हणजे फुकट राबणारी फौज आहे.

एवढं करूनही एकरभर कलिंगडाला रानटी माश्या पुरतीलच असं नाही, कारण नेमकं त्याच वेळी आसपास करडई फुललेली असते, कुठं कांद्याचं बियाणं, कुठं शेवगा, डाळिंबाचा बहार. माशीला जिथं जास्त मिळतं तिथं ती जाते. म्हणून पेट्या भाड्यानं आणायच्या, एकरी एक ते दोन. यातली मुख्य गोष्ट म्हणजे पेटी आणायची वेळ. फार आधी आणली तर माश्या पहिल्याच दिवशी शेजारची करडई शोधतात आणि मग तिकडंच जात राहतात. रानात पाच-दहा टक्के फुलं उघडली की रात्री पेटी आणून ठेवायची, सकाळी तोंड उघडायचं, समोर आपलीच फुलं. पेटीचं तोंड पूर्वेला, म्हणजे पहिलं ऊन लागून माश्या लवकर निघतात, दुपारी मात्र तिच्यावर सावली पाहिजे. पेटीचे पाय पाण्याच्या वाटीत, मुंग्या चढू नयेत म्हणून. आणि जवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवायचं, नाहीतर माश्या ड्रिपच्या गळतीवर जाऊन बुडतात. मधमाशीवर काम करणारी केंद्राची संस्था पुण्यात १९६२ पासून आहे, मधमाशीपालनाचं प्रशिक्षणही तिथं मिळतं, डाळिंब आणि कलिंगड दोन्ही करणाऱ्यांनी स्वतःच्या पेट्या ठेवायचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

फवारणीचं एकच सांगतो. कव्हर काढलं की थ्रिप्स येणार आणि आपला हात पंपाकडं जाणार. फुलं उघडी असताना सकाळी कीटकनाशक मारायचं नाही, काहीही झालं तरी. फूल मिटल्यावर, संध्याकाळी, माश्या परत गेल्यावर, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगून. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं तर झाडात मुरतात, फुलाच्या रसात उतरतात, युरोपियन युनियननं २०१८ मध्ये मोकळ्या रानात त्यांचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. कव्हर असताना आपल्याला फवारणी कमीच लागते, तोच तर फायदा आहे, तो पहिल्या आठवड्यात घालवू नका. निळे-पिवळे चिकट सापळे लावा.

शेडनेट म्हणजे जाळीच्या आणि पॉलिहाऊस म्हणजे प्लास्टिकच्या घरात पीक घेणाऱ्यांचं गणित वेगळं, कारण तिथं कव्हर काढताच येत नाही. मग बी निवडतानाच विचार करायचा. पॉलिहाऊससाठी जी काकडी येते ती पार्थेनोकार्पिक असते, म्हणजे परागाशिवाय, बी न धरता फळ वाढतं, तिला माशीची गरजच नाही, उलट माशी गेली तर काही जातींत बी धरून काकडीचं टोक फुगतं. पण आमच्या एका पाहुण्यांनी शेडनेटमध्ये रानातली देशी काकडी लावली, वेल छपरापर्यंत, फुलं भरपूर, फळ नाही. दोन महिने खतं बदलत राहिले बिचारे. नेटमध्ये माशी जातच नव्हती. शेवटी रोज सकाळी घरातल्या सगळ्यांनी हातानं केलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या, मधला पिवळा भाग मादीच्या बोंडावर चारी बाजूंनी हलका फिरवायचा, एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात, दहाच्या आत उरकायचं. परसातल्या चार वेलांना हे छान आहे, अर्ध्या एकराला नाही. दुधी आणि दोडका असेल तर मात्र संध्याकाळी करा, त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडं पतंग येतात.

टोमॅटो आणि ढोबळी मिरचीला नर-मादी एकाच फुलात, पराग आपल्याच फुलावर पडला तरी चालतो. फक्त टोमॅटोचा पराग नळीसारख्या कोषात बंद असतो, हलल्याशिवाय सांडत नाही. बाहेर वारा हलवतो, बंद पॉलिहाऊसमध्ये वारा नसतो. तिथं सकाळी दहानंतर, हवा जरा कोरडी झाली की वेल बांधलेल्या तारेवर काठीनं हलकं टकटक करत जायचं. युरोपात १९८७ पासून यासाठी बंबलबी नावाची जाड केसाळ माशी विकत मिळते, ती फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते. साधी मधमाशी हे करत नाही, पण आपल्याकडचा लाकूड पोखरणारा काळा भुंगा करतो. एप्रिलमध्ये आत ३५ च्या वर गेलं की मात्र परागच निकामी व्हायला लागतो आणि फूलगळ होते, तेव्हा काठी आपटून उपयोग नाही, हवा खेळती करायची.

परत कलिंगडावर येतो. सेटिंग झालं का नाही हे कळायला थांबावं लागत नाही. फूल मिटल्यावर दोन-तीन दिवसांत सेट झालेली गोटी खाली झुकते, चकाकते, लिंबाएवढी व्हायला लागते. न झालेली पिवळी पडून सुकते. आम्ही रानात वेगवेगळ्या ठिकाणचे दहा वेल धरून ठेवतो आणि रोज तेवढेच मोजतो. दहातल्या सहा-सात वेलांना चांगली गोटी दिसली की त्या दिवशी त्या वेलांजवळ रंगीत सुतळी बांधायची आणि वहीत तारीख टाकायची. तिथनं ३५ दिवस मोजले की व्यापाऱ्याला फोन करायचा, ३८-४० व्या दिवशी एक फळ कापून बघायचं. गेल्या खेपेला लाल सुतळी १२ जानेवारीला बांधली होती, गाडी २० फेब्रुवारीला भरली.